सैतान जाणे

स्कॉटलंडच्या बोलीत सैतानाला 'डील' म्हणतात. लिहिताना व्यवहाराच्या 'डील'मधल्या 'ए'च्या जागी 'आय' घालतात, पण बोलताना तो फरक ऐकू येत नाही, आणि माझा सगळा घोळ कानाने झाला, डोळ्याने नाही. हे ज्ञान मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, आखातातल्या अल क्वोज या कारखान्यांच्या भागात, एसीचे डक्ट बनवणाऱ्या एका कंपनीत, हवं होतं त्यापेक्षा दोन महिने उशिरा प्राप्त झालं. तोपर्यंत मी सैतानाच्या हुकुमावरून दोन ट्रक माल मागवला होता, एका अस्तित्वात नसलेल्या माणसासाठी प्रेझेंटेशन तयार केलं होतं, आणि आणखी एक गोष्ट केली होती, जिच्यासाठी हे सगळं लिहितो आहे. कोणाचंही नाव देणार नाही. एकच नाव येईल, आणि ते ज्याचं आहे तो जन्मालाच आलेला नसल्यामुळे त्याची हरकत असायचं कारण नाही.

आधी माझ्या इंग्रजीबद्दल. मी पुण्याचा. शाळेत इंग्रजी व्याकरणाचं बक्षीस मिळालेला. आमच्याकडे माणूस एक वेळ चूक कबूल करेल, पण नीट ऐकू आलं नाही हे कबूल करणार नाही. 'पार्डन?' म्हणणं हे बहिऱ्यांचं आणि अडाण्यांचं काम, अशी माझी पक्की समजूत होती. समोरचा काय बोलला हे अर्धं कळलं की उरलेलं अर्धं आपण आपल्या बुद्धीने भरून काढायचं. बुद्धी असतेच, ती वापरायला हवी.

ही बुद्धी वापरायची संधी मला आमच्या साहेबाने भरपूर दिली. साहेब स्कॉटलंडच्या कुठल्याशा मासेमारीच्या गावचा, आखातात पंचवीस वर्षं काढलेला, टक्कल भाजून लाल झालेलं. ऑगस्टमध्ये गाडीचं हँडल हाताला चटका देतं तेव्हाही तो 'अ बिट वॉर्म' म्हणायचा. त्याच्या तोंडात 'र' असा फिरायचा की जणू लेथवर चढवलाय. त्याचं इंग्रजी ऑफिसात कोणालाही समजायचं नाही. मल्याळी अकाउंटंट, इजिप्तचा खरेदीवाला, फिलिपिनो रिसेप्शनिस्ट, सगळे त्याच्या केबिनमधून मान डोलावत बाहेर यायचे आणि थेट माझ्या टेबलापाशी येऊन विचारायचे, "भाई, साब क्या बोला?"

आणि मी सांगायचो. एस्टिमेशन हे माझं काम, पण दुभाषेपणाचं मानाचं पद मी स्वतःकडे घेतलं होतं. मला माहीत नाही असं मी कधीच म्हणालो नाही.

आता 'डील'चं म्हणाल, तर या शहरात दिवसभरात दोनच शब्द कानावर पडतात, इन्शाल्ला आणि डील. फ्रिजवर डील, बिर्याणीवर डील, दात साफ करण्यावर डील. फोन वाजला तर डील, दारावरची बेल वाजली तर डीलचा कागद. अशा गावात एखादा माणूस 'डील' म्हणाला तर तो सैतानाबद्दल बोलत असेल अशी शंका कोणाच्या मनात येईल? निदान माझ्या तरी आली नाही.

पहिला प्रसंग इन्सुलेशनचा. शारजाच्या एका व्यापाऱ्याने आम्हाला तीनदा कोटेशन पाठवलं आणि तिन्ही वेळा काहीतरी बदललं. तिसरा कागद मी नेऊन दिला तसा साहेबाने तो वाचला, टेबलावर भिरकावला आणि म्हणाला, "डील टॅक इट!" म्हणजे, सैतान घेऊन जावो याला. मी ऐकलं, 'डील, टेक इट.' मी बाहेर आलो आणि खरेदीवाल्याला म्हणालो, "खलास, अप्रूव्हड. यल्ला, ऑर्डर करो." दोन ट्रक भरून माल आला. स्टोअरमध्ये जागा उरली नाही. साहेब खाली आला, त्या ढिगाकडे बघत उभा राहिला आणि पुन्हा तेच म्हणाला, "डील टॅक इट." मी शेजारच्याला कोपराने ढोसून सांगितलं, बघ, केवढा खूष आहे.

दुसरा प्रसंग तर मला आता आठवला तरी कान गरम होतात. एक मोठं टेंडर आमच्या हातून गेलं आणि ज्याला मिळालं तो लबाडीसाठी प्रसिद्ध. साहेब सुस्कारा सोडून काहीतरी लांबलचक बोलला. त्यांच्याकडची म्हण आहे, की सैतान आपल्या माणसांची नेहमी काळजी घेतो. शेवटचा शब्द 'एन', म्हणजे आपला स्वतःचा. मला त्या वाक्यातले तीन शब्द कळले, डील, गुड आणि एन. डील गुड आहे, अल ऐन शहरात आहे. मी दोघा इंजिनिअरांना साइट बघायला अल ऐनला पाठवलं. ते दिवसभर फिरले आणि संध्याकाळी खजूर घेऊन परत आले. साइट काही सापडली नाही, पण खजूर चांगले निघाले. मी ते साहेबालाही दिले.

या सगळ्याने कोणाचं फारसं बिघडलं नाही. इन्सुलेशन हळूहळू संपलं, खजूर लगेच संपले. साहेबाला वाटायचं हा मराठी माणूस जरा उतावळा आहे, आणि मला वाटायचं साहेबाचं माझ्यावाचून पान हलत नाही. असे आम्ही दोघं सुखात होतो.

आता मामांबद्दल सांगतो. मामा आमच्या वर्कशॉपचे फोरमन, सांगलीकडचे, वयाने माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे. अख्खं वर्कशॉप, पठाण वेल्डरपासून नेपाळी हेल्परपर्यंत, त्यांना मामाच म्हणायचं. पत्र्याच्या कडेला नखाने टिचकी मारून ते त्याची जाडी सांगायचे आणि मग मापायला गेलं की तेवढीच निघायची. सतरा वर्षं ते मुहैस्नाच्या कामगार कॅम्पमध्ये एका खोलीत पाच जणांबरोबर राहत होते. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. त्यांचा संसार दर दोन वर्षांनी महिना-दीड महिना, आणि बाकीचा फोनवर. याबद्दल ते कधी तक्रार करायचे नाहीत. मी एकदा शहाणपणाने विचारलं, "मामा, एवढी वर्षं कशी काढली?" तर म्हणाले, "काढली कुठं, गेली."

साहेबापेक्षा मोठा माझा भक्त कोण असेल तर मामा. बँकेचा मेसेज, विम्याचा कागद, मुलीच्या कॉलेजचा फॉर्म, सगळं माझ्याकडे यायचं. "सर, बघा की काय लिव्हलंय." मी वाचून सांगायचो आणि ते मान हलवायचे, पुन्हा दुसऱ्या कोणाला विचारायचे नाहीत. माणसाला फुगवायला आणखी काय लागतं?

मागच्या वर्षी फेब्रुवारीत कंपनी विकली जाणार अशी कुजबुज सुरू झाली. त्याच सुमारास मामांना शारजातून बोलावणं आलं. इंडस्ट्रियल एरियात एका गुजराती शेठचं छोटं वर्कशॉप होतं, त्याला फोरमन हवा होता. पगार जवळपास तेवढाच, पण वर्कशॉपच्या माडीवर दोन खोल्या. दोन खोल्या म्हणजे बायकोला आणता येणार. मामा मला हे सांगायला दुपारच्या सुट्टीत वर आले तेव्हा त्यांचा चेहरा पहिल्या नोकरीच्या पोरासारखा झाला होता. त्यांनी मोबाइलवर मला बायकोच्या पासपोर्टचं पहिलं पान दाखवलं. पासपोर्ट चार वर्षांपूर्वीच काढून ठेवला होता, उगाच, असावा म्हणून. फोटोत त्या डोक्यावर पदर घेऊन, आता ओरडा बसणार अशा चेहऱ्याने बसल्या होत्या.

"तिला सांगितलं परवा," मामा म्हणाले. "तर काल दोन्ही शेळ्या जावंला देऊन मोकळी झाली बया. मी म्हटलं अगं थांब जरा. म्हणती, आता कशाला थांबू."

शेठला गुरुवारपर्यंत उत्तर हवं होतं. मामांची पंचाईत ही, की इथली सतरा वर्षं सोडायची का. वर्कशॉप टिकणार असेल तर नव्या मालकाच्या हाताखाली सुपरवायझर होण्याची शक्यता होती, म्हणजे मग इथेच बायकोला आणता आलं असतं, आणि तेही मोठ्या कंपनीच्या व्हिसावर. वर्कशॉप टिकणार नसेल तर शारजा सोन्यासारखं. "तुमी फक्त साहेबाला इचारा," मामा म्हणाले. "वर्कशॉप ऱ्हातंय का न्हाई, एवढंच."

मी बुधवारी सकाळी साहेबाच्या केबिनमध्ये गेलो. साहेब खिडकीपाशी उभा राहून बाहेरचे ट्रक बघत होता. मी विचारलं, "सर, आफ्टर द सेल, विल द वर्कशॉप स्टे?" त्याने मान वळवली नाही. म्हणाला, "डील केन्झ."

'केन' म्हणजे जाणणे. डील केन्झ, सैतान जाणे. म्हणजेच, मला काय ठाऊक बाबा, कोणालाच ठाऊक नाही. इतकं प्रामाणिक उत्तर मला या देशात त्याआधी कोणी दिलं नव्हतं आणि नंतरही दिलेलं नाही. इथे नाही म्हणायचं असलं तरी इन्शाल्ला म्हणतात आणि हो म्हणायचं असलं तरी इन्शाल्लाच. मी ऐकलं, 'डील? केन्स.' व्यवहार केनचा आहे. केन नावाचा कोणी माणूस आहे आणि हे डील त्याच्या हातात आहे.

मी "ओके सर, अंडरस्टूड" म्हणालो. अंडरस्टूड!

त्या दिवशी घरी जाताना शारजाच्या रस्त्यावर नेहमीसारखा सव्वा तास अडकलो होतो, त्या सव्वा तासात मी केनला जन्म दिला. केन लंडनच्या हेड ऑफिसातून येणार. पन्नाशीचा, शिस्तीचा, थोडा तुसडा, पण कामाची कदर करणारा. साहेब त्याचं नाव घेताना खिडकीबाहेर बघत होता, म्हणजे साहेबाला त्याचा वचक आहे. आणि नवीन माणूस आला की तो आधी काय बघतो? प्रॉडक्शन. प्रॉडक्शन म्हणजे वर्कशॉप. वर्कशॉप म्हणजे मामा. घरी पोचेपर्यंत मामांचं प्रमोशन झालेलं होतं.

जेवताना मी हे बायकोला सांगितलं. ती एका शाळेत गणित शिकवते आणि पुरावा मागायची तिला वाईट खोड आहे. "हा केन आला कुठून?" तिने विचारलं.

"हेड ऑफिसमधून."

"साहेब म्हणाला असं?"

"ते काय म्हणायला लागतं?"

मुलगी अकरावीत. जन्मापासून इथलीच, मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत. ताटातून मान वर न करता म्हणाली, "बाबा, इज केन हिज फर्स्ट नेम ऑर लास्ट नेम?"

"त्याने काय फरक पडतो?"

"नो, आय मीन, डू यू नो एनिथिंग अबाउट हिम?"

मी तिला वडीलधाऱ्यांशी कसं बोलावं यावर दोन शब्द ऐकवले. केनबद्दल काही ऐकवण्यासारखं नव्हतंच.

गुरुवारी मामा वर आले. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, दार लावून घेतलं, आणि डॉक्टर रिपोर्ट सांगतात त्या आवाजात म्हणालो, "मामा, मी आतली बातमी काढलीये. सगळं डिसिजन केनसाहेबांच्या हातात आहे. नवीन येतायत. असा माणूस वर्कशॉप बंद करत नसतो. तुम्ही थांबा."

"नक्की, सर?"

आता इथे मला थांबता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं, की मामा, नक्की असं काही नाही, माझा अंदाज आहे. दहा शब्दसुद्धा लागले नसते. मी म्हणालो, "हंड्रेड पर्सेंट."

"तुमी म्हणताय तर ऱ्हातो मग," मामा म्हणाले, आणि तिथेच, माझ्यासमोर, शेठला फोन लावला. "शेठजी, नही जमेगा अभी. इधर ही रहनेका है." शेठ पलीकडून बराच वेळ समजावत होता. मामा ऐकून घेत होते आणि मधेमधे माझ्याकडे बघत होते. मी मान हलवून त्यांना धीर देत होतो.

पुढचे दोन महिने केनसाहेबांचे. मी ती बातमी फक्त दोघांना, अगदी विश्वासात घेऊन, सांगितली होती, त्यामुळे आठवड्याभरात ती सगळ्यांना माहीत झाली. अकाउंटंटला कळलं की केन पूर्वी कतारला होता आणि तिथे त्याने चहाचा खर्च बंद केला. खरेदीवाल्याच्या मेव्हण्याने केनला एका मॉलमध्ये बघितलं होतं, उंच आहे म्हणे, हबीबी, व्हेरी टॉल. रिसेप्शनवरच्या बाईंनी पार्किंगची एक जागा प्लॅस्टिकचा लाल कोन लावून राखून ठेवली. मी स्वतः चोवीस स्लाइडचं प्रेझेंटेशन बनवलं, 'अवर वर्कशॉप, अवर स्ट्रेंथ'. सातव्या स्लाइडवर मामांचा फोटो होता. पत्र्याला टिचकी मारतानाचा. मामा त्या फोटोसाठी दाढी करून आले होते.

साहेबाला या कशाचाच पत्ता नव्हता. त्याने एकदा तो राखीव कोन बाजूला सारून स्वतःची गाडी लावली, तेव्हा लोक म्हणाले, भलताच धीट आहे.

एप्रिलच्या शेवटी एका सोमवारी ईमेल आला. नव्या मालकांनी वर्कशॉप बंद करायचं ठरवलं होतं, डक्ट यापुढे बाहेरून तयार विकत घेणार होते. खाली एकवीस जणांची यादी. मामा त्यात दुसरे. मी यादी तीनदा वाचली. त्यात केनची सही शोधत होतो. सही कोणाचीच नव्हती, 'मॅनेजमेंट' एवढंच लिहिलेलं.

मी साहेबाच्या केबिनमध्ये गेलो. राग आला होता आणि तो मी लपवला नाही. "सर, यू सेड इट इज केन्स डील. आय वॉन्ट टू स्पीक टू केन."

"हू?"

"केन. सर, केन."

साहेबाने हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्याने मला ते वाक्य जसंच्या तसं म्हणायला लावलं, आणि मी म्हटल्यावर तो हसायला लागला. टेबलाला धरून हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग माझं तोंड बघून थांबला आणि मला बसायला सांगितलं. कागदावर त्याने मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, डी, ई, आय, एल.

त्याची आई, तो म्हणाला, दिवसातून पन्नास वेळा त्या डीलला कामाला लावायची. दूध उतू गेलं, डील घेऊन जावो. पाऊस थांबेल का, डीलला ठाऊक. भूक लागली का, डीलभर नाही, म्हणजे अजिबात नाही. पण त्याला खऱ्या नावाने हाक मारायची नाही, आला म्हणजे? म्हणून म्हातारा शिंगाड्या, म्हातारा क्लूटी, म्हणजे चिरलेल्या खुरांचा, अशी लाडाची नावं. मला एकदम आमच्या आजोळची आठवण झाली, तिथे दिवे लागल्यावर सापाला साप म्हणायचे नाहीत, लांबडं म्हणायचे. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, अगदी तेच. दोन गावं किती सारखी, असं कौतुक करायला ती वेळ मात्र नव्हती.

"आय टोल्ड यू द ट्रुथ," तो म्हणाला. "आय डिडन्ट नो." आणि त्याने यादीच्या तळाशी बोट ठेवलं. शेवटचं, एकविसावं नाव त्याचं स्वतःचं होतं. मी तीनदा वाचूनही ते मला दिसलं नव्हतं, कारण मी केन शोधत होतो.

आपल्याकडे न कळलेल्या गोष्टीची जबाबदारी देवावर टाकायची पद्धत आहे. देव जाणे म्हटलं की आपण मोकळे, आणि वर थोडं पुण्य. स्कॉटलंडच्या लोकांनी ती सैतानावर टाकली. मराठीत सैतान मुळात नव्हताच, आम्ही वेताळ, मुंजा, हडळ यांच्यावर भागवत होतो. सैतान हा शब्दसुद्धा याच अरब मुलखातून आयात केला. खवीसही म्हणे इथलाच. पण त्यांच्या त्या 'डील'च्या सर्वांत जवळ जाणारा आपला शब्द मला विचाराल तर डोंबल. कसलं डोंबल कळतंय, डोंबलाचं डील. दोन महिने आधी एवढा शब्दकोश डोक्यात असता तर काय बिघडलं असतं? पण डोक्यात व्याकरणाचं बक्षीस होतं.

घरी सांगितलं. बायकोने वह्या पुढे ओढून तपासायला घेतल्या. तिने बोलायला हवं होतं, भांडता तरी आलं असतं. मुलगी म्हणाली, "बाबा, व्हाय डिडन्ट यू जस्ट आस्क हिम टू रिपीट इट?"

तिने हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरोखर प्रश्न पडला होता. तिच्या शाळेत चाळीस देशांची पोरं आहेत, ती दिवसभर एकमेकांना 'सॉरी, व्हॉट?' म्हणत असतात आणि कोणाची इज्जत जात नाही.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारून शारजाच्या त्या शेठकडे गेलो. माडीवरच्या दोन खोल्यांच्या गॅलरीत लहान मुलाचे कपडे वाळत होते. शेठ भला माणूस, चहा पाजला, म्हणाला, "एक हफ्ता राह देखा मैंने, सोचा मन बदलेगा. फिर केरळ का आदमी मिल गया, फॅमिली के साथ आया है. अब उसको कैसे निकालूँ?" मी आणखी सहा वर्कशॉप पालथी घातली. सगळे मामांचं वय विचारायचे आणि मग इन्शाल्ला म्हणायचे. नोटिशीची दोन महिन्यांची मुदत अशीच गेली. एखाद्याला फसवलं की त्याचा मामा केला म्हणतात आपल्याकडे. मी मामांचाच मामा केला होता.

आणि या सगळ्या दिवसांत मी त्यांना खरं काय ते सांगितलं नव्हतं. ते मला भेटले की म्हणायचे, "केनसाहेबांचंबी काय चाललं नसंल वरच्यांपुढं." लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर केनवर खापर फुटतंय याचं आतून बरंही वाटत होतं. इतका मी हलका झालो होतो.

जुलैतल्या एका दुपारी मी त्यांना विमानतळावर सोडायला मुहैस्नाला गेलो. बरोबर एकच बॅग होती, दोरीने आवळलेली, आणि एक कुकर, खोक्यासकट. शारजाच्या खोल्यांसाठी घेतला होता, शेठचं बोलावणं आल्यानंतरच्या त्या चार दिवसांत. पठाण वेल्डर खाली उतरून मामांच्या गळ्यात पडला. मामा गाडीत बसले, पट्टा लावला आणि कुकरचं खोकं मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "ती म्हणती, शेळ्या आता परत कशा मागू. जाऊ चार लोकांत बोलून दाखवंल."

मग मी गाडी चालवता चालवता सगळं सांगितलं. डी, ई, आय, एल. सैतान. साहेब काय म्हणाला होता, मी काय ऐकलं. केन नावाचा माणूस नाही, मामा. नव्हताच कधी. मी तो गाडीत बसून तयार केला. मला नीट ऐकू आलं नव्हतं आणि मी परत विचारलं नाही. मी माफी मागितली.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. पण बँकेचा मेसेज समजावून सांगितल्यावर करायचे तशीच त्यांनी मान हलवली.

"केन असला काय आन् नसला काय," ते म्हणाले, "मी त्याला कुठं वळखत हुतो, सर? मी तुमच्या शब्दावर थांबलो हुतो."